निळा दिवा का मिणमिणत होता?

आमची गाडी एकवीस वर्षांची. आधी बाबांची होती, आता माझी आहे. तिच्या डाव्या हेडलाइटने मला दोन महिने मूर्ख बनवलं.

सुरुवातीला तो नुसता पिवळट जळायचा. बल्ब जुना झाला असेल म्हणून नवा एच४ (हेडलाइटचा हॅलोजन बल्ब) घातला. चार दिवस लख्ख, मग पुन्हा पिवळा. दुसरा घातला, तीच कथा. मग मल्टिमीटर काढला. कपलर, म्हणजे बल्बच्या पिनांवर बसणारा वायरचा सॉकेट, उपसला, त्यातल्या डिपरच्या (खालच्या झोताच्या) आणि अर्थच्या (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीच्या वाटेच्या) पिनांना प्रोब लावले. १२.४ व्होल्ट. वायरिंग ठणठणीत, म्हणजे बल्बच निकृष्ट, असा निकाल मी देऊन टाकला. धाकट्या भावाने तर उपायही सुचवला. "ताई, सरळ शंभर वॉटचे टाक ना!"

नाही टाकले, हे बरं झालं. ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून साधारण नऊ अँपिअर घेतात. आमच्या गाडीत हेडलाइटला रिलेच नाही (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालूबंद करणारा स्विच), सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. शंभर वॉटच्या बल्बांत डिपर ९० वॉटचा असतो; ते लावले असते तर करंट पंधराच्या घरात गेला असता, आणि आधी स्विच नाहीतर होल्डर वितळला असता.

मग एका रात्री डावा दिवा पार विझत आलेल्या निखाऱ्यासारखा झाला, आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या झोताचा) निळा दिवा अंधुक मिणमिणायला लागला. मी तर डिपरवर होते. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. अप्पर लावलेलाच नाही, तर निळ्याला करंट देतंय कोण?

उत्तर सापडलं ते एच४ची रचना आठवल्यावर. एका काचेत दोन फिलामेंट, डिपरचं आणि अप्परचं, आणि दोघांना मिळून अर्थची पिन एकच. तो अर्थ तुटला की डिपरचा करंट जाणार कुठे? तो त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या वायरने उजव्या दिव्यात पोचतो आणि तिथला अर्थ गाठतो. तीन फिलामेंट एकामागे एक, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार व्होल्ट. निळा दिवा अप्परच्याच वायरवर असल्याने त्यालाही थोडं मिळतं. (आमच्या गाडीत पॉझिटिव्ह बाजू स्विच होते. काही गाड्यांत अर्थची बाजू स्विच होते, तिथे हे गणित वेगळं.)

मग १२.४ व्होल्ट आले कुठून? मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. गंजलेल्या बोल्टमधून एवढासा धागा शिल्लक असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्बला साडेचार अँपिअर लागतात, तिथे तो धागा हात टेकतो. मी दिवा न लावताच दिव्याची वायर तपासत होते.

दुसऱ्या दिवशी कपलर जागेवर ठेवला, दिवे लावले, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल प्रोब कपलरच्या मागून अर्थच्या पिनेवर. इथे शून्याच्या आसपास हवं, ०.२ व्होल्ट म्हणजे डोक्यावरून पाणी. आले ७.६!

काळी वायर धरत धरत खाली गेले तर ती बॅटरीच्या ट्रेखाली, बॉडीवरच्या बोल्टला लावलेली. ॲसिडच्या वाफांनी तिथे पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. बल्ब बदलताना मी कपलर ओढायचे, तेव्हा ही रिंग थोडी हलायची आणि चार दिवस पुन्हा टेकायची. 'नव्या बल्बची' जादू ती एवढीच.

बॅटरीची निगेटिव्ह काढून कामाला लागले. बोल्ट हट्टाने निघाला. बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला. रिंग मात्र घासून भागलं नाही, कारण वायर आवरणाच्या आतसुद्धा काळी पडली होती. लाल तांबं दिसेपर्यंत, म्हणजे चार बोटं, कापत गेले, नवी रिंग दाबून बसवली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मोजलं, ०.०६.

दोन्ही दिवे आता सारखे आहेत, पण दोन्ही अजून जरा पिवळेच. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ आणि बल्बवर १२.१ येतात. ते जवळपास दोन व्होल्ट जुना स्विच खातोय. व्होल्टेज थोडं घसरलं की हॅलोजनचा उजेड त्याच्या कितीतरी पट घसरतो, तेव्हा रिले लागणारच. बॅटरीपासून फ्यूज लावून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून बल्बला, आणि जुनी वायर फक्त ८६ वर रिले ओढायला. ते पुढच्या रविवारी.

काढलेले दोन्ही बल्ब थेट बॅटरीला लावून पाहिले. दोन्ही छान पेटले. कापडात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेत, भावाला अजून सांगितलेलं नाही.