चार वाक्यांचं निवेदन सुटं करताना

ग्रामसभेत वाचायचं निवेदन चारच वाक्यांचं होतं. ‘वाड्यावरच्या विहिरी आता मार्चमध्येच आटतात. पूर्वी पाणी मे अखेरपर्यंत पुरायचं. सड्यावर इमारती उभ्या राहिल्यापासून हे सुरू झालं. म्हणून सड्यावरच्या नव्या बांधकामाला पंचायतीने परवाना देऊ नये.’ (सडा म्हणजे गावाच्या वरचं जांभ्या दगडाचं पठार.) ऐकताक्षणी पटतं. त्यातलं काय कशावर उभं आहे हे पाहायला बसलो, तेव्हा युक्तिवादाचे भाग मला नीट कळले.

आधी निष्कर्ष शोधायचा, मग आधार. क्रम उलटला की घोळ होतो, कारण पहिलं वाक्य जोरकस असलं की तेच मुख्य म्हणणं वाटू लागतं. मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे पटवायचं आहे, की हे सांगून दुसरं काही पटवायचं आहे? पहिली तीन वाक्यं दुसऱ्या जातीची निघाली.

खुणेचे शब्द इथे हाताशी येतात. ‘म्हणून’, ‘सबब’, ‘त्याअर्थी’ यांच्यामागून बहुधा निष्कर्ष येतो. ‘कारण’, ‘ज्याअर्थी’ यांच्यामागून आधार. सरकारी आदेशातलं ‘ज्याअर्थी… आणि त्याअर्थी’ रटाळ वाटतं खरं, पण युक्तिवादाचा सांगाडा इतका उघडा दुसरीकडे क्वचितच दिसतो. मात्र ‘म्हणून’वर डोळे मिटून विसंबू नये. ‘तो येणार म्हणून सांगत होता’ यात निष्कर्ष कुठेच नाही. ‘त्यामुळे’चंही तसंच. ‘नदीला पूर आला, त्यामुळे फेरीबोट बंद राहिली’ हे स्पष्टीकरण झालं. बोट बंद होती यावर कुणाचा वाद नाही. ज्यावर वाद होऊ शकतो, ते आधार देऊन मांडलं तरच तो युक्तिवाद.

मग कागदावर तीन आधार एकाखाली एक लिहिले, खाली रेघ ओढली आणि रेघेखाली निष्कर्ष लिहिला. आता एकेका आधारावर बोट ठेवून तो झाकायचा. पहिला झाकला तर दुसरा एकटा काहीच सांगत नाही. म्हणजे हे दोन मिळून एक खांब आहे, ‘विहिरी पूर्वीपेक्षा लवकर आटतात’ हा मधला निष्कर्ष तो पेलतो. तिसऱ्याचं काम वेगळं, तो कारणाकडे बोट दाखवतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो न लिहिलेल्या वाक्यांवर. रेघेच्या वरची तिन्ही वाक्यं काय घडतं ते सांगतात, खालचं वाक्य मात्र ‘देऊ नये’ म्हणतं. हा ‘नये’ आला कुठून? ‘विहिरीचं पाणी राखणं बांधकामापेक्षा महत्त्वाचं’ हे मूल्य मनात धरलेलं आहे, म्हणून. वाड्यावर ते सर्वांना मान्य असेल, तरी ते लिहावं. समोरचा नेमका तिथेच असहमत असू शकतो. दुसरं गृहीतक अधिक कच्चं: इमारतींमुळेच पाणी आटलं. आधी इमारती, नंतर आटलेल्या विहिरी एवढंच पाहिलं तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली असू शकते. त्याच वर्षांत बोअरवेल किती खोदल्या, पाऊस किती झाला, हे विचारलंच नव्हतं.

इथे न्यायसूत्र या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या ग्रंथातली पाच अवयवांची मांडणी मला फार उपयोगी पडली: प्रतिज्ञा (म्हणणं), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (नियम समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी काजूच्या भट्टीत. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. तिसरा अवयव बोलणाऱ्याला त्याचा नियम, म्हणजे व्याप्ती, उघड सांगायला लावतो. आमच्या निवेदनात नेमका तोच नव्हता. चुकतं कुठे, तेही ही परंपरा दाखवते. सकाळचं धुकं धूर समजलं तर हेतूच असिद्ध, म्हणजे दिलेलं कारणच तिथे नसतं. आणि नियम उलटा फिरवून ‘जिथे आग तिथे धूर’ म्हटलं तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो: आग आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात.

आमची उपाधी मग सापडली. सड्याचा जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि पायथ्याच्या झरी-विहिरींत उतरतं. वर काँक्रीट आणि पेव्हर बसले की ते गटाराने वाहून जातं. म्हणजे अडचण इमारतीची तेवढी नाही, जमीन बंद होण्याची आहे.

आणखी एक तपासणी वेगळी ठेवावी लागते: जोडणी बरोबर असणं आणि आधार खरे असणं. ‘गोव्यातल्या मांडवी नदीवरची प्रत्येक बोट कॅसिनो आहे, रायबंदर-चोडण फेरीबोट मांडवीवर चालते, म्हणून ती कॅसिनो आहे.’ जोडणी निर्दोष, पहिला आधार खोटा. आणि सभेत ‘हा भायला (बाहेरचा), याला काय कळतं’ असं कुणी म्हणालं, तर मी कागदाकडे पाहतो: त्याने कुठल्या क्रमांकाचं वाक्य पाडलं? एकही नाही.

शेवटी निवेदनाला विहिरींच्या पातळीच्या महिनावार नोंदी, बोअरवेलची संख्या आणि पावसाचे आकडे जोडायचं ठरलं, आणि चौथं वाक्य बदललं: ‘सबब, पावसाचं पाणी जागेवरच मुरवण्याची सोय आराखड्यात दाखवल्याशिवाय सड्यावरच्या बांधकामाला परवाना देऊ नये.’