नऊ फूट वर, सत्तावन्न फूट खाली

पावसाळा लागला की सांगलीत माणसं तब्येत विचारायच्या आधी आयर्विन विचारतात. "काय ओ, आयर्विनला किती?" एवढंच. १९२९ साली उभ्या राहिलेल्या या पुलाला व्हाइसरॉयचं नाव आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याचं मुख्य काम कृष्णेचं पाणी किती फूट चढलं ते मोजायचं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे इथं शाळेत कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना पाठ असतं.

माझ्याकडे या आकड्यांच्या वह्या आहेत. निवृत्तीनंतर हाताला काम हवं म्हणून एक छोटी वेबसाइट काढली आणि वह्यांतले आकडे तिच्यावर चढवायचे ठरवलं. वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे, कारण तिथं कोडिंगचा गंध नसलेल्या माणसालाही लिहिता येतं. परिच्छेद लिहिले, फोटो लावले, सगळं झालं. अडलं ते तक्त्यापाशी.

पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, त्यात काय! एक टेबल तर आहे. रविवारी बसून कोड लिहून देतो." त्याच्या हुशारीबद्दल शंका नाही, पण पूर काही रविवार बघून येत नाही. रात्री अकराला पाणी चढलं तर नवा आकडा मलाच घालता आला पाहिजे. तेव्हा प्लगइनच हवं, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचं तयार छोटं सॉफ्टवेअर.

तसं बघितलं तर वर्डप्रेसमध्ये तक्त्याचा एक साधा ब्लॉक आधीपासूनच असतो. रकाने किती, ओळी किती विचारतो आणि मोकळी चौकट देतो. पाच-दहा ओळींसाठी त्याच्या पलीकडे जायचं काही कारण नाही. पण माझ्याकडे कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली असे पुलांचे रकाने, शिवाय कोयनेचा साठा आणि विसर्ग. ते सगळं भाच्याच्या बहिणीनं आधीच एक्सेलमध्ये भरून दिलेलं. ती फाइल जशीच्या तशी आत घेणारं काहीतरी पाहिजे होतं.

मग शोध सुरू झाला. प्लगइनचं पान म्हणजे स्थळाचा बायोडाटाच की! फोटो देखणा, गुणांची यादी लांबलचक, आणि कामाची माहिती कोपऱ्यात बारीक अक्षरात: शेवटचं अपडेट कधी, वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय, किती साइटवर चालू आहे. मी आधी तो कोपरा वाचायला शिकलो. वर्ष-दोन वर्षं ज्याच्याकडे कुणी फिरकलेलं नाही, ते कितीही देखणं असलं तरी नको. पाच तारे बघून हुरळण्यातही अर्थ नसतो. एक तारा देणाऱ्यानं का दिला, ते वाचावं. निम्मे लोक 'फुकटात सगळं का देत नाही' म्हणून रागावलेले असतात. उरलेल्या निम्म्यांचं ऐकण्यासारखं असतं.

गुणांची यादी वाचताना मात्र आपण वाहवत जातो. रंगीत आलेख, गूगल शीटशी जोडणी, प्रत्येक रकान्याला वेगळी गाळणी (फिल्टर), छापायचं बटण. बहुतेक चांगल्या सोयी पैसे भरल्यावर, तेही डॉलरमध्ये, दरवर्षी. वाचताना वाटतं, अरे हे तर हवंच! अर्ध्या तासापूर्वी आपल्याला ते असतं हेही ठाऊक नव्हतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोहात पाडलं ते क्रम लावण्याच्या सोयीनं. रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सगळ्यांत मोठा आकडा वर. म्हणजे २०१९ चा महापूर आपोआप पहिल्या ओळीत. मोठ्या हौसेनं टिचकी मारली, तर सगळ्यांत वर आली जूनमधली ९ फुटांची कृष्णा! तिच्याखाली ऑगस्ट २०१९ मधले ५७ फूट, त्याखाली २००५ मधले ५३ फूट. ज्या पाण्यात अर्धी सांगली बुडाली, ते पाणी नऊ फुटांच्या खाली.

कारण कळल्यावर हसू आलं. आपले देवनागरी आकडे त्या यंत्राच्या लेखी आकडेच नाहीत, नुसती अक्षरं आहेत. अक्षरांचा क्रम लावताना ते पहिलं अक्षर बघतं, आणि ९ हे ५ च्या पुढचं. इंग्रजी आकडे घातले की क्रम सरळ लागतो. तारखांचंही असंच काहीसं. दिवस आधी लिहायची आपली पद्धत, त्यामुळे नीट समजावून सांगितलं नाही तर सगळ्या सालांतल्या पाच तारखेच्या ओळी एका पंगतीला बसतात.

आकडे बदलायला बसलो आणि खरी गंमत तिथं निघाली. आपण सांगलीकर ५७ फूट ६ इंच पाणी सरळ ५७.६ असं लिहून मोकळे होतो, वाचणाराही बरोबर समजतो. पण हिशेबाला बसलं तर ५७ फूट ६ इंच म्हणजे साडेसत्तावन्न, ५७.५. आणि ५७ फूट १० इंच जर ५७.१० लिहिलं, तर यंत्राच्या मते ते ५७.६ पेक्षा कमी! चार इंच चढलेलं पाणी तक्त्यात उतरलेलं दिसणार. पुराच्या दिवसांत सूर्यवंशी प्लॉट नाहीतर दत्तनगरातला माणूस त्या चार इंचांवर सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं हे ठरवत असतो. म्हणून फूट एका रकान्यात आणि इंच शेजारच्या रकान्यात घेतले. दिसायला जरा बेंगरूळ, पण भांडण मिटलं. आकडेही मग देवनागरीच ठेवले, कारण क्रम लावायची सोयच मी बंद करून टाकली. पुराच्या तक्त्याला एकच क्रम असतो, घड्याळाचा. बाकीचे क्रम मौजेचे.

शेवटी टेबलप्रेस घेतलं. टोबियास बेटगे नावाच्या जर्मन माणसानं केलेलं, लाखो साइटवर चालणारं. पैसे भरून घ्यायच्या आवृत्त्याही आहेत, पण माझं भागलं फुकटच्यात. एक्सेलची फाइल आत घेतं. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल द्यायची असेल तर एक्सेलमधून साठवताना देवनागरी अक्षरं टिकवणारा यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा लागतो, नाहीतर ताकारी-भिलवडीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. तक्ता एकदा केला की एका शॉर्टकोडनं, म्हणजे चौकटी कंसातल्या छोट्या खुणेनं, हव्या त्या पानावर बसवायचा. आकडा एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. उद्या प्लगइन काढून टाकलं तर पानावर तक्त्याऐवजी तो शॉर्टकोड तेवढा उघडा पडेल, म्हणून मूळ एक्सेल फाइल जपून ठेवली आहे. वह्या तर आहेतच.

क्रमापाठोपाठ शोधायची चौकट काढली, तक्त्याची पानं पाडायची सोय काढली. आडवं सरकवायची सोय तेवढी ठेवली, कारण इथं सगळे मोबाइलवर बघतात आणि आठ-दहा रकाने मोबाइलच्या रुंदीत बसत नाहीत. तरी आयर्विनचा रकाना तारखेला लागूनच घेतला. कराडपासून नदी जशी खाली येते त्या क्रमानं लावले असते तर ते शोभून दिसलं असतं, पण अंगठ्यानं सरकवत सरकवत आयर्विनपर्यंत यायला इथं कुणाला दम असतो?

शेजारच्या काकूंना कौतुकानं मोबाइलवर तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला, एक नजर टाकली आणि मलाच विचारलं, "ते सगळं बरोबर हाय, पण पाणी चढतंय का उतरतंय ते सांगा की." त्यांचंही खरंच. मग एक रकाना वाढवला. त्यात 'चढ', 'उतार' नाहीतर 'स्थिर' एवढंच. कुठल्याच प्लगइनच्या गुणांच्या यादीत हा रकाना नव्हता, आणि आता लोक बघतात तो तेवढाच.

एका गोष्टीवर मात्र घरात अजून एकमत नाही. नवी ओळ वर घालायची की खाली? माझं म्हणणं खाली, वहीत आपण वरून खालीच लिहीत जातो. सौभाग्यवती म्हणतात, "पाणी काय वरून खाली चढतं होय?"