साडेपाच मीटर

दोन दिवस झाले, कोपर अजून जाणवतंय. दुखत नाही, नुसतं जाणवतंय.

सिग्नलचा आकडा चारवर आला होता आणि मी जेमतेम अर्धा रस्ता ओलांडलेला. मागून एक मुलगा आला, न विचारता कोपराला धरलं आणि म्हणाला, "चला आजोबा, होतंय." होतंय म्हणे! पलीकडे पोचल्यावर हात सोडून निघूनही गेला. आभार मानायला सवड दिली नाही. मानले असते का, हा प्रश्न वेगळा.

'आजोबा'चं काही नाही. गेल्या वर्षापर्यंत काका होतो, बढती मिळाली. पण त्यानं धरल्याबरोबर मला हायसं वाटलं, ते कुठे ठेवू?

सुमाला फोनवर सांगायची चूक केली. "बाबा, तिकडे एकटे जाऊच नका." तिकडे म्हणजे वाचनालय, बाग आणि आम्ही चौघं बसतो तो बाक. इकडे दवाखाना आणि औषधांचं दुकान. आजारी पडायची सगळी सोय रस्ता न ओलांडता होते, बरं राहायची तेवढी पलीकडे. डॉक्टर सांगतात, आठवड्याला १५० मिनिटं चाला. कुठे, ते सांगत नाहीत. फूटपाथवर गाड्या लावलेल्या, उरलेल्या जागी फरशा उचकटलेल्या. मान खाली घालून चालावं लागतं, समोरून कोण गेलं तेही कळत नाही. गेल्या महिन्यात वाचनालयात चारदाच गेलो. सगळ्यांना पावसाचं कारण सांगितलं.

ही असती तर… असो.

काल सकाळी गच्चीवर टेप लावून खडूनं १० मीटर आखले. वेग घ्यायला अलीकडे दोन मीटर सोडले (इतकी वर्षं पोरांकडून प्रयोग करून घेतले, आता स्वतःलाच ट्रॉलीसारखं सोडलं). मोबाइलचं स्टॉपवॉच हातात. तीनदा चाललो, सरासरी १२ सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटर.

मग वाचत बसलो. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं पुष्कळ ठिकाणी धरतात. इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्यांचा वेग मोजला, २०१२ साली ते छापून आलं: पुरुष सरासरी ०.९, बायका ०.८. आमचा रस्ता अंदाजे १८ मीटर, मध्ये दुभाजक नाही, सिग्नल १५ सेकंदांचा. १८ भागिले १५, बरोबर १.२. गणित कुठेच चुकलेलं नाही. फक्त त्या १५ सेकंदांत मी साडेबारा मीटर जातो, आणि पुढचे साडेपाच मीटर गाड्यांच्या मर्जीवर.

पहिल्यांदा रडूच आलं, खोटं कशाला लिहू. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं शाळेत गेलो, सायकलवर, सुमाला पुढे बसवून. रस्ता तेव्हा अर्धाच होता म्हणा. म्हणजे मी हळू झालो आणि तो रुंद झाला, दोन्ही एकदमच. मग सगळा दोष एकट्या गुडघ्यांवर का घ्यायचा? अमेरिकेत हाच आकडा २००९ साली सेकंदाला ४ फुटांवरून साडेतीनवर आणला. कुणाच्या गुडघ्यांना हात लावला नाही, नियमावलीत एक आकडा बदलला. आमच्या चौकात सात सेकंद वाढवले तर मीही एकदम तरणाबांड.

आणि हो, स्नायू झिजलेत का ते ठरवताना डॉक्टर लोकही चालण्याचा वेग बघतात. ०.८ किंवा त्याखाली गेलात की लक्षण बरं नाही. मी तीन शतांशांनी पास. आयुष्यभर अशा पोरांना काठावरचे म्हणून हिणवलं.

तरी पुन्हा तो कोपर. त्या मुलाचा हात घट्ट नव्हता. पावलं त्यानं माझ्याइतकी कमी केली होती, हे आज सकाळी दात घासताना लक्षात आलं. म्हणजे त्याच्याही मागे गाड्या होत्याच की.

संध्याकाळी परत मोजलं. ११.४. अनवाणी चाललो म्हणून असेल, किंवा टेप सैल पडला असेल. पुस्तकं गुरुवारी परत करायची आहेत. सुमाला कळवलेलं नाही.