न्यूमोनिया नव्हे, पॉम्पे

पाच महिन्यांचं बाळ एकोसाठी (हृदयाची सोनोग्राफी) आलं ते ‘न्यूमोनिया, हृदय मोठं’ एवढ्या चिठ्ठीवर. टेबलावर ठेवताच हातपाय बेडकासारखे फाकून पडले. हात धरून उठवलं तर मान मागेच लोंबली. जीभ जाड, ओठांबाहेर. आईवडील आते-मामे भावंडं.

एकोत दोन्ही वेंट्रिकलच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) भिंती जाड, मधला पडदा 11 मिलिमीटर. या वयात पाचच्या आत असायला हवा. डाव्या वेंट्रिकलची पोकळी फटीएवढी. एक्स-रेतला ‘न्यूमोनिया’ म्हणजे मोठ्या हृदयाने डावी श्वासनलिका दाबल्यामुळे मिटलेलं फुप्फुस होतं.

ईसीजी परत काढला. क्यूआरएस, म्हणजे वेंट्रिकलच्या ठोक्याची उंच रेघ, कागदावर मावेना म्हणून निम्म्या उंचीवर काढावा लागला. पीआर, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश पोचायचा वेळ, 0.08 सेकंदाहूनही आखूड. जाड हृदय, ढिले स्नायू आणि आखूड पीआर एकत्र दिसले की पॉम्पे या आजाराची तपासणी केल्याशिवाय बाळाला सोडायचं नाही.

या आजारात लायसोसोममधलं (पेशीतली टाकाऊ पदार्थ मोडणारी पिशवी) ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, मोडणारं एन्झाइम, अ‍ॅसिड अल्फा-ग्लुकोसिडेज, नसतं. ग्लायकोजेन स्नायूत साठत जातं. लायसोसोमबाहेरचा मार्ग शाबूत असल्याने रक्तातली साखर उतरत नाही, आणि इथेच पुष्कळजण फसतात. लिव्हरच्या तपासणीतले एएसटी-एएलटीही वाढले होते, पण ते लिव्हरपेक्षा स्नायूंमुळे. स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीके 900 होतं.

बाहेरच्या दवाखान्यात फ्युरोसेमाइडचे, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाचे, दोन डोस झाले होते. ते थांबवलं. पोकळी आधीच अपुरी. पाणी काढलं की ती आणखी आवळते आणि रक्ताची वाट अडते. हृदयाचं आकुंचन वाढवणाऱ्या डिगॉक्सिननेही तेच. भूल देऊन सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकायचं घाटत होतं, तेही रोखलं. भुलीच्या प्रोपोफॉलने रक्तदाब पडला की जाड स्नायूला कोरोनरीतून (हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून) रक्त पुरत नाही, बाळ टेबलावरच फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकतं, म्हणजे हृदय नुसतं थरथरत राहतं. हातातल्या साध्या सलाइनवर भागवलं.

टिपकागदावर रक्ताचे थेंब घेतले, सावलीत वाळवले, पाठवले. सहा दिवसांनी एन्झाइम जवळजवळ शून्य आलं. उपचार म्हणजे हेच एन्झाइम बाहेरून देणं. पहिल्या डोसाआधी क्रिम, म्हणजे बाळाच्या शरीरात हे प्रथिन थोडं तरी आहे का, ते पाहायचं: शरीरात हे प्रथिन मुळीच तयार होत नसेल तर बाहेरून दिलेल्या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी उसळतात आणि औषध वाया जातं. तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी रिटुक्सिमॅब, मेथोट्रेक्सेट सुरुवातीपासूनच लागतात.

बाहेरून द्यायचं एन्झाइम, अल्ग्लुकोसिडेज अल्फा, किलोमागे 20 मिलिग्रॅम, दर पंधरवड्याला, साधारण चार तासांत. सहा किलोच्या बाळाला 120, म्हणजे 50 च्या तीन कुप्या. वजन वाढेल तशा कुप्या वाढणार, आणि हे जन्मभर. कुपी हलवायची नाही, अलगद तिरपी करून लोळवायची, नाहीतर फेस होऊन प्रथिन बिघडतं. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली मदतीची मर्यादा 50 लाख. अर्ज त्याच संध्याकाळी भरायला घेतला.