गाढव कोण ठेवणार?

डिसेंबर लागला की इंदुरात क्रिसमस विकत मिळायला लागतो, अगदी तयार. मॉलमध्ये दोन मजले उंच झाड, सिग्नलवर लाल टोप्या, बेकऱ्यांच्या काचेमागे प्लम केकच्या खोक्यांची चळत. मला त्यात काही वाईट वाटत नाही बरं का, इंदूरकराला खायला आणि गर्दी करायला निमित्त पुरतं, रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, भिजणारी माणसंच पंचवीस तारखेला पोराबाळांना घेऊन चर्च बघायला येतात आणि परतताना गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊन घरी जातात, छान आहे. पण ज्यांच्या घरचा हा सण आहे त्या आमच्यासारख्यांची मात्र पंचाईत होते. बाहेरच इतकं सगळं असताना घरात नेमकं काय करायचं? झाड लावलं, स्टार टांगला, चर्चला गेलो, केक कापला, संपलं. दुपारी बारापर्यंत सगळे आपापल्या मोबाईलवर.

माझं माहेर नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं. नगर जिल्ह्यातून होळकरांच्या गावात सून म्हणून यायचा रूट अहिल्यादेवींनीच घालून दिलेला आहे, त्यामुळे मी काही नवीन केलं नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून, तिथला नाताळ म्हणजे मराठी मामला. पेटी, ढोलकी, झांजा घेऊन रात्री गाणी म्हणत फिरणारी मंडळी, प्रत्येक घरी चहा-चिवडा, आणि फराळ थेट दिवाळीचाच, करंज्या चकल्या शंकरपाळे सगळं. सासरचं घर इंदुरात जुनं, आजेसासरे कॅनेडियन मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले ते इथलेच झाले. ते मिशन इथे १८७७ पासूनचं, क्रिश्चियन कॉलेज त्यांनीच १८८७ साली काढलं, तेच ते किशोरकुमारचं कॉलेज. तर इकडचा नाताळ थोडा साहेबी. इस्त्रीचे कपडे, इंग्रजी कॅरल, हिंदी उपासना, आणि जेवायला पुलाव. दोन्हीकडचं थोडं थोडं उचलू असं लग्नानंतर ठरवलं होतं आणि जसं सगळीकडे होतं तसं दोन्हीकडचं थोडं थोडं सुटलं.

मग मुलं झाली आणि प्रश्न विचारायला लागली, आपल्याकडे काय करतात? शाळेत दिवाळीवर निबंध लिहिताना वर्गातल्या पोरांकडे उटणं होतं, किल्ला होता, पहिली आंघोळ होती. आमच्याकडे 'हम चर्च जाते हैं' याच्यापुढे वाक्य सरकेना.

सुरुवात किल्ल्यापासूनच झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं चारपाच, दिवाळीत खाली सगळी पोरं मिळून मातीचा किल्ला करतात आणि तो नंतर मोडताना फार जड जातं. एका वर्षी मोठ्याने त्यातली अर्धी माती आणि सगळे मावळे बादलीत भरून वर आणले, म्हणाला याचा येशूजन्माचा गोठा करू. केला. बेथलेहेमच्या टेकडीला अजूनही एक बुरूज आहे, तो काढायला मुलं तयार नाहीत. मावळ्यांच्या हातातल्या तलवारींना कापूस गुंडाळून त्यांचे मेंढपाळ केले, दोन जणांचा कापूस निघतो, ते बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचे शिपाई.

मरिया, योसेफ, बाळ येशू हे एका नन सिस्टरनी दिलेले, साइजने मावळ्यांच्या दुप्पट. गाय धाकटीच्या खेळण्यातली. आणि गाढव मिळेना. अख्खं राजवाडा मार्केट फिरलो, घोडा मिळतो, हत्ती मिळतो, गाढव कुणी बनवतच नाही. शेवटी धाकटीने स्वतः मातीचं केलं, कान जरा जास्तच झाले, ससा वाटतो. गंमत म्हणजे शुभवर्तमानात गोठ्यातल्या गाढवाचा उल्लेखच नाही, बैलाचाही नाही, नुसती गव्हाणी आहे. ते दोघे आले जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या एका ओळीवरून, आणि १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात खरा बैल आणि खरं गाढव उभं करून नाताळ केला तेव्हापासून ते सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले. इंदूरचं कॅथलिक कॅथेड्रल त्याच फ्रान्सिसच्या नावाचं आहे. म्हणजे आमचं गाढव शास्त्रात नसलं तरी लोकल पाठिंबा आहे.

तर नियम असा झाला की आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी, नोव्हेंबर संपता संपता, घरातलं सगळ्यात लहान माणूस गाढव ठेवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा नियम मी केला नाही, धाकटीने जाहीर केला आणि कुणी विरोध केला नाही म्हणून लागू झाला. नंतर एकदा सासूबाईंनी पुसताना गाढव उचलून टीव्हीखाली ठेवलं तर घरात जी रडारड झाली त्याच दिवशी मला कळलं की हे आता आपल्या घरचं झालं. माझं सरळ मत आहे, घरातला रिवाज तोच टिकतो ज्यात सगळ्यात लहान माणसाला काहीतरी अधिकार मिळतो आणि तो अधिकार गेला तर त्याला भांडता येतं. मोठ्यांनी मुलांसाठी म्हणून मांडलेले कार्यक्रम फोटोपुरते होतात.

तसले आम्ही केलेत ना भरपूर. रोज एक खिडकी उघडायचं ते चॉकलेटचं कॅलेंडर आणलं, चार तारखेला सगळ्या खिडक्या उघड्या. सगळ्यांनी एकसारखे स्वेटर घालायचे, इंदुरात दुपारी बारा वाजता फोटो काढताना सगळे घामाने लाल. आणि ती कृतज्ञतेची बरणी, रोज प्रत्येकाने चिठ्ठीवर एक ओळ लिहून टाकायची आज कशाबद्दल देवाचे आभार. चोवीसला बरणी उघडली तर नवऱ्याच्या चिठ्ठ्यांमध्ये नुसतं 'पोहे'. एका चिठ्ठीवर 'पोहे, जिरावन जास्त', जिरावन म्हणजे इथला पोह्यांवरचा मसाला. मला आधी राग आला, पण खोटं तरी काय लिहिलं होतं. बरणीत आता चिवडा असतो.

मेणबत्त्या मात्र टिकल्या. चार रविवारच्या चार. ही पद्धत म्हणे हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिच विखर्न नावाच्या पाद्रीसाहेबांनी १८३९ मध्ये काढली, ते गरीब पोरांचा आश्रम चालवायचे आणि पोरं रोज विचारायची, अजून किती दिवस, अजून किती दिवस, तर त्यांनी गाडीच्या चाकावर रोजच्यासाठी छोटी आणि रविवारसाठी मोठी अशा मेणबत्त्याच लावून टाकल्या, मोजा तुमचं तुम्ही. आम्ही पितळेच्या परातीत दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या ठेवतो. पेटवायची कुणी यावरून भांडण, म्हणजे बरं चाललंय.

आणि गहू. वसई-गोव्याकडे क्रिबभोवती, म्हणजे या गोठ्याभोवती, हिरवं दिसावं म्हणून नाचणी पेरतात हे मला माहीत होतं, इथे नाचणी कुठे शोधा, पण मालव्यात गव्हाला काय तोटा. समोरच्या भाभी नवरात्रात ज्वारे लावतात, त्यांनीच दाखवलं, रात्रभर भिजव, पसरट कुंडीत माती घाल, वर झाकण ठेव, पाणी नुसतं शिंपड. आपल्या घटस्थापनेसारखंच सगळं. फरक इतकाच की डिसेंबरच्या थंडीत कोंब आळशी होतात, आठ-दहा दिवस सहज लागतात, म्हणून तिसऱ्या रविवारच्या आधी पेरावं लागतं नाहीतर येशूजन्माला नुसता चिखल. भाभी पंचवीसला सकाळी पहिल्यांदा गहू बघायला येतात, मेरे ज्वारे कैसे हैं, मग हॅपी क्रिसमस.

मागी लोकांची, म्हणजे तारा बघून बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांची, वेगळीच मजा. ते पूर्वेकडून लांबून आले, मग पंचवीसलाच गोठ्यात कसे काय उभे, हा मोठ्याचा प्रश्न. बरोबर आहे, मत्तयच्या शुभवर्तमानात ते नंतर येतात आणि तेही घरात, गोठ्यात नाही. त्यामुळे आमच्याकडे ते पंचवीसला दाराजवळच्या चपलांच्या रॅकवरून निघतात आणि रोज थोडे थोडे पुढे सरकतात, फ्रिजवर एक मुक्काम, आरओवर एक मुक्काम, सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी एक, असं करत करत सहा जानेवारीला पोचतात. सरकवायचं काम आजोबांकडे, ते पहाटे उठून गुपचूप करतात आणि दिवसभर आपल्याला काहीच माहीत नाही असा चेहरा. आमचे मागी लोक दोनच आहेत, तिसऱ्याची मान घर बदलताना गेली, पण हरकत नाही, मत्तयने आकडा दिलेलाच नाही, भेटवस्तू तीन दिल्यात, सोनं, ऊद आणि गंधरस. दोघांत तीन वस्तू सहज मावतात.

चोवीसच्या रात्री उपासनेला व्हाईट चर्चला जायच्या आधी घरी वाचन असतं, लूकचा दुसरा अध्याय, मराठीतून, आणि ते मुलांनीच करायचं असतं. हे मी मुद्दाम लावून धरलंय. इंदुरात वाढलेली मराठी पोरं मराठी वाचतात पण हिंदीच्या चालीत, आणि जुन्या भाषेपुढे तर अडखळतातच. क्विरीनियपाशी दरवर्षी गाडी थांबते. तो सूरियाचा सुभेदार होता हे वाचल्यावर धाकटीने विचारलं, मल्हारराव होळकरांसारखा? म्हटलं हो, तसाच, पण आपल्या मल्हाररावांचं काम जास्त होतं. आजोबा खूश.

वाचनानंतर रेव्हरंड टिळकांचं एक भजन. नारायण वामन टिळक, १८६१ चा जन्म, १८९५ ला बाप्तिस्मा, १९१९ ला गेले, नगरकडच्या मराठी मंडळीत त्यांच्या भजनांशिवाय काही होतच नाही. इथे चर्चमध्ये गाणी हिंदी आणि इंग्रजी, त्यामुळे टिळकांना राहायला जागा फक्त आमच्या हॉलमध्ये. पेटी मी वाजवते, दोन सूर लागत नाहीत. मुलांना अर्थ सगळा कळतो असं मी म्हणणार नाही, पण चाल तोंडात बसलीये, मोठा बाथरूममध्ये गुणगुणतो आणि मध्येच त्याला जोडून कुठलंतरी रॅप, ते मी ऐकलं नाही असं करते.

पंचवीसला जेवायला बाहेरचं कुणीतरी हवंच, ही सासऱ्यांची अट. पोलंडमध्ये चोवीसच्या रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, आयत्या वेळी कुणी आलं तर त्याच्यासाठी. आमच्याकडे तसं रिकामं ताट मांडून चालत नाही, सासूबाई म्हणतात रिकामं कशाला, माणूसच आणा. मग जवळच्या नर्सिंग होस्टेलमधल्या ज्या मुलींना सुट्टी मिळत नाही त्यांना बोलावतो, बहुतेक केरळच्या, आणि झाबुआकडच्या एकदोघी. पहिल्या वेळी सगळ्या ताठ बसलेल्या, थँक्यू आंटी थँक्यू आंटी. मग झाबुआच्या मुलीने भिलीतलं येशूजन्माचं गाणं सुरू केलं, आजोबांनी टेबलावर ठेका धरला आणि पुलाव थंड झाला. आता त्या येताना काहीतरी करून आणतात आणि स्वयंपाकघरात मला बाहेर काढतात.

फराळाचं फार सांगत नाही, ते नगरसारखंच. फक्त एवढंच की दिवाळीत बिल्डिंगमधून जे डबे येतात ते धुऊन ठेवायचे आणि नाताळात भरून परत करायचे, त्यामुळे डब्यांचा हिशोब दोन महिने लांबतो आणि मधे एखादीचं झाकण हरवतंच.

राहिला केक. सियागंजमधून काजू, किसमिस, टुटीफ्रुटी आणून नोव्हेंबरात भिजत घालते, संत्र्याच्या रसात, आमच्याकडे रम चालत नाही आणि आगर-माळव्याच्या संत्र्यांपुढे गरजही पडत नाही. पण सासूबाईंना ओव्हनमधला केक केक वाटत नाही. त्यांच्या लहानपणी घरी फेटून मिश्रण पत्र्याच्या डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, नंबर लावून बसायचे, डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि चिठ्ठी जळाली की कुणाचा केक कुणाचा यावरून बायकांची जुंपायची. दोन तासांत अख्ख्या मंडळीची खबर कळायची, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं. ते त्यांना परत हवंय, आणि खरं सांगायचं तर मलाही ते भांडण बघायचंय. महूच्या रस्त्यावर एक जुना भट्टीवाला नवऱ्याने शोधून काढलाय, तो म्हणाला टोस्टचा घाणा उतरला की या, रात्री दहानंतर, डबे तुमचे, लाकडाचे पैसे द्या. मी म्हटलं दोन डबे नेऊ. सासूबाई म्हणतात चार, एक भाभींचा आणि एक होस्टेलचा. आणि चिठ्ठ्या जळतात म्हणून त्यांनी आत्ताच धाकटीकडून डब्यांच्या बाजूवर खिळ्याने नावं कोरून घेतलीत. एकावर गाढव कोरलंय, तो तिचा स्वतःचा, असं कळलं, म्हणजे पाच झाले.