हळदीच्या ढिगाची सावली

फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. त्या दिवसांत सुट्टीच्या सकाळी मी तिथे जाऊन उभी राहते. शेडच्या पत्र्याखाली हळकुंडांचे ढीग लागलेले असतात, व्यापारी एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत असतात. एखादा हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि तसाच पुढे जातो. बाहेरून मातकट पिवळं दिसणारं हळकुंड मोडल्यावर आत गडद केशरी असतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचेही लोक फोटो काढायला येतात. मी फोटो काढते ते चित्रासाठी. घरी आल्यावर रात्री स्वयंपाकघर आवरलं की टॅबलेट घेऊन बसते आणि क्रिता या चित्रं काढायच्या ॲपमध्ये ते ढीग रंगवते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. चित्रकला शिकले ती शाळेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांपुरती. पुढे बरीच वर्षं हातात ब्रश नव्हता. आता आम्ही काही जण आपापली डिजिटल चित्रं एकमेकांना पाठवतो आणि त्यावर बोलतो. एक निवृत्त कलाशिक्षक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. एक एसटीत कंडक्टर आहेत, ते दादा. पुण्यात इंजिनिअरिंग करणारी एक मुलगी आहे, ती मला ताई म्हणते. म्हापशाच्या एक काकू आहेत, त्यांच्याकडे मुलानं दिलेला आयपॅड आहे, त्या प्रोक्रिएट ॲपमध्ये मासळी बाजार काढतात. आमच्यातलं कोणीही चित्रांवर पोट भरत नाही.

या देवाणघेवाणीतून माझं एक मत पक्कं झालं आहे. चित्रावरचा अभिप्राय चित्रातूनच द्यावा. ‘छान’ किंवा ‘काहीतरी खटकतंय’ हे दोन्ही शब्द चित्र काढणाऱ्याच्या काहीच कामाचे नाहीत. कागदावरच्या चित्रावर दुसऱ्यानं रेघ मारली की चित्र गेलं, म्हणून शिक्षकसुद्धा कोपऱ्यात छोटं रेखाटन करून दाखवायचे. आता स्क्रीनवरच्या चित्रावर एक नवा लेअर, म्हणजे पारदर्शक थर, घ्यायचा, त्यावर लाल रेघेनं हवं ते दाखवायचं. खालचं चित्र शाबूत राहतं. ही सोय हाताशी असताना नुसत्या शब्दांत बोलणं मला अर्धवट वाटतं.

हळदीच्या ढिगाचंच सांगते.

पिवळ्या वस्तूची सावली हा रंगवणाऱ्यांचा जुना त्रास आहे. निळ्या कापडाची सावली गडद निळी केली की चालून जातं. पिवळ्याचं तसं नाही. पिवळा तोच ठेवून नुसता उजेड कमी केला तर तो डोळ्याला हिरवट, शेवाळी दिसायला लागतो. ढीग हळदीचा न राहता ओल्या मातीचा वाटतो. मी एकाच ढिगाच्या दोन सावल्या करून सगळ्यांना पाठवल्या आणि विचारलं, पत्र्याखालचा उकाडा कोणत्या सावलीत जाणवतो? दोन्ही मल्टिप्लाय लेअरवर होत्या, म्हणजे खालच्या रंगाला गडद करणाऱ्या थरावर. पहिलीत करडा-निळा, दुसरीत मळकट गुलाबी.

त्या मुलीनं दोन्ही सावल्यांचा हिशेबच मांडून पाठवला. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांनी सांगतात, प्रत्येक आकडा ० ते २५५. मल्टिप्लाय म्हणजे खालचा आकडा गुणिले वरचा आकडा, भागिले २५५. माझ्या ढिगाचा पिवळा २२०, १६५, ५० असा होता. त्यावर करडा-निळा १२०, १३०, १७० टाकला की उत्तर येतं १०४, ८४, ३३. हा झाला शेवाळी तपकिरी. त्याऐवजी गुलाबी १९०, १२०, ११५ टाकला तर १६४, ७८, २३. हा भाजक्या विटेकडे झुकणारा केशरी, म्हणजे मोडलेल्या हळकुंडाच्या आतल्या रंगाच्या बराच जवळ. मी रंग डोळ्यानं निवडते, ती आकड्यांनी पडताळते. तिचे आकडे वाचल्यापासून मल्टिप्लायचा रंग निवडताना मला आधीच अंदाज येतो, कारण लाल जास्त ठेवला की सावली ऊबदार राहणार हे आता समजून कळतं.

सरांनी आकड्यांना हात लावला नाही. त्यांनी माझं चित्र काळं-पांढरं करून परत पाठवलं, आणि त्यात दोन्ही सावल्या जवळपास सारख्याच गडद दिसत होत्या. मग त्यांनी वर एक लेअर घेऊन दोन ढिगांच्या मधल्या खाचेत फिकट केशरीचे चार-पाच फटकारे मारले. खाली लिहिलं, ‘समोरच्या ढिगावरचं ऊन उडून इथे येतं. सावलीतही हळदच दिसली पाहिजे.’ ते फटकारे बघताना मला यार्डातली ती खाच आठवली. खरंच तिथे सावली सगळ्यात गडद असायला हवी, पण असते सगळ्यात तापलेली. माझ्या फोटोत हे दिसत नव्हतं, कारण फोनचा कॅमेरा उन्हाला सांभाळायला जातो आणि सावली दडपून टाकतो. सरांनी तो फोटो पाहिलेलाही नव्हता. आयुष्यभर वस्तुचित्र शिकवलेल्या माणसाला पिवळं फडकं आणि पितळी तांब्या शेजारी ठेवले की काय होतं ते पाठ असतं.

काळं-पांढरं करून बघण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. शाळेत आम्हाला सांगायचे, डोळे बारीक करून बघ. डोळे किलकिले केले की बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. स्क्रीनवर हेच करायला बहुतेक जण रंगाची तीव्रता, म्हणजे सॅच्युरेशन, शून्यावर नेतात. काही ॲपमध्ये असं केलं की शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा अगदी एकसारखे करडे होतात. डोळ्याला मात्र पिवळा खूप उजळ आणि निळा खूप गडद दिसतो. डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के. म्हणून योग्य पद्धत अशी, की सगळ्यात वर एक काळा भरलेला लेअर घ्यावा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या रंगात मिसळायची पद्धत, ‘कलर’ करावी. खालचं सगळं खऱ्या उजेड-अंधारात दिसतं. हा लेअर मी प्रत्येक फाइलमध्ये सुरुवातीलाच करून ठेवते आणि मधूनमधून चालू-बंद करते.

माझा अनुभव असा, की एखादं चित्र ‘खटकतं’ तेव्हा रंगाचा दोष क्वचित असतो. उजेड-अंधाराची वाटणी बिघडलेली असते, आणि काढणारा मात्र रंग बदलत बसतो.

दादांचं कौशल्य वेगळं आहे. त्यांच्याकडे पेनवाला टॅबलेट नाही. फोनवर आयबिस पेंटमध्ये ते बोटानं काढतात, डेपोत गाडी लागेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात. बोटाला दाब कळत नाही, त्यामुळे रेघ जाड-बारीक होत नाही. तरीही त्यांची माणसं जिवंत असतात, कारण वजन कुठे पडलंय हे त्यांना नेमकं दिसतं. खांबाला टेकलेला माणूस, पिशवी दोन पायांत धरून उभी असलेली बाई, झोपेत खिडकीकडे कललेलं पोर. माझ्या चित्रात पोतं पाठीवर घेतलेला एक हमाल होता. दादांनी त्याच्यावर फक्त एक उभी रेघ मारली, पोतं आणि माणूस या दोघांच्या मिळून मधोमध. ती पुढच्या पावलावर पडायला हवी होती. त्यासाठी हमालाला आणखी वाकवायचं, की पाय पुढे घ्यायचा, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी पाय पुढे घेतला. पोत्याचं वजन लगेच दिसायला लागलं.

अभिप्राय असाच असावा असं मला वाटतं. दोष कुठे आहे ते दाखवावं, उपाय काढणाऱ्याला निवडू द्यावा.

पुण्याची ती मुलगी जपानी ॲनिमेच्या वळणाचे चेहरे काढते. मोठे डोळे, इवलंसं नाक. सरांना सुरुवातीला ते फार रुचायचं नाही. ‘हे शैली म्हणून चालतं, पण डोक्याची कवटी कुठे गेली?’ असं ते विचारायचे. तिचं उत्तर ठरलेलं, ‘ही माझी स्टाइल आहे, सर.’ या वादात मी दोघांच्या मध्ये उभी आहे. शैली हा निर्णय असतो आणि निर्णय घ्यायला दुसरा पर्याय माहीत असावा लागतो. त्यामुळे ‘हे चुकलं’ म्हणण्याऐवजी ‘हे मुद्दाम आहे का?’ असं विचारणं मला बरं वाटतं. ती ‘मुद्दाम आहे’ म्हणाली, तर विषय संपला. पण एकदा तिनं मैत्रिणीचं खरंखुरं व्यक्तिचित्र करायला घेतलं, सेल्फी समोर ठेवून. नाक फुगीर आणि कान मागे गेलेले दिसत होते. सरांनी विचारलं, फोटो किती अंतरावरून काढला? हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा खूप जवळ असतं, म्हणून ते मोठं येतं. चार-पाच पावलं मागे जाऊन, झूम करून काढलेल्या फोटोत चेहरा आपल्याला एरवी दिसतो तसा येतो. तिनं दुसरा फोटो मागवला आणि त्यावरून चित्र नव्यानं केलं. त्या चित्राला कवटीही होती.

दिवाळीच्या सुमारास काकूंनी पणती घेतलेल्या नातीचं चित्र सुरू केलं. ज्योतीपुढे धरलेला पंजा पुठ्ठ्यासारखा दिसत होता. सरांनी त्यांना हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघायला सांगितलं. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, आणि त्यांचं ते जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, दुसरा पंजा ज्योतीच्या आड. त्या पंजाची बोटं बघावीत. उजेड बोटांवर पडून थांबत नाही, बोटांच्या आत शिरतो, म्हणून कडा लालसर पेटल्यासारख्या दिसतात. जलरंगात हे करायचं तर कागदाचा पांढरा राखून ठेवावा लागतो, वर पांढरा लावून तो उजेड येत नाही. काकूंच्या आयपॅडमध्ये हवे तेवढे लेअर आणि चुकलं की मागे जायची सोय. तरी सरांनी त्यांना पांढरा न वापरता तो हात काढायला लावला. बोटांच्या कडेला आधी तीव्र लाल-केशरी, मग आतल्या बाजूला त्वचेचा गडद रंग. उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे रंग सगळ्यात तीव्र ठेवायचा. काकूंनी तो हात बऱ्याचदा पुसला. शेवटी जो जमला, तो मी माझ्या फोनवर जपून ठेवला आहे.

दुकानांच्या पाट्यांबद्दलही आमच्यात खूप बोलणं होतं. इंग्रजी पाटी कोनात काढताना अक्षरांच्या वरच्या टोकांची रेघ मनात धरावी लागते. देवनागरीत ती रेघ लिहिलेलीच असते. शिरोरेषा थेट लोपबिंदूकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूकडे, जायला हवी, आणि अक्षरांच्या खालच्या टोकांची न दिसणारी रेघही त्याच बिंदूला मिळायला हवी. ती मिळाली नाही की अडत दुकानाची पाटी भिंतीवरून सुटून हवेत तरंगते. मी पाटी आधी सरळ समोरून लिहून घेते आणि मग ट्रान्सफॉर्मच्या पर्स्पेक्टिव्हनं, म्हणजे कोनात तिरकं करायच्या सोयीनं, भिंतीवर बसवते. सरांना हे आवडत नाही, हातानंच बसवावी असं त्यांचं म्हणणं. इथे मी त्यांचं ऐकत नाही. पाटीवर वेळ घालवण्यापेक्षा तो वेळ मला ढिगांना द्यायचा असतो.

क्रितामध्ये एम दाबला की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. डोळ्याला सवय झालेला तिरकेपणा त्यात लगेच उघडा पडतो. फोनवरच्या ॲपमध्येही ही सोय असते. चित्र पाठवण्याआधी एवढं एकदा करावं.

आणि पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. नेहमीसारखा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, बारीक रेघा धुरकट होतात. एकदा काकूंचं आकाश सगळ्यांना ठीक वाटत होतं आणि सर एकटेच म्हणत होते की ते आजारी पिवळं आहे. सरांच्या फोनवर रात्रीचा पिवळा पडदा चालू होता. तेव्हापासून रंगावर बोलण्याआधी तो बंद केलाय का, हे आम्ही एकमेकांना विचारतो.

सध्या मी गोणपाटावर अडले आहे. रिकाम्या पोत्यांची चळत आहे, तिच्यावर उभे-आडवे धागे दाखवणारा ब्रश मी स्वतः बनवला आहे. ब्रश चांगला उमटतो, पण पोतं जिथे दुमडतं तिथे धागे दुमडत नाहीत, सपाट राहतात. मुलगी म्हणते लिक्विफायनं, म्हणजे रंगवलेलं ढकलायच्या सोयीनं, वाकव. दादा म्हणतात धागे काढूनच टाक, फक्त दुमडीच्या कडेला चार ठेव, बाकी बघणारा समजून घेतो. मला दादांचं पटतंय. आज रात्री दोन्ही करून पाठवते, सर काळं-पांढरं करून बघतीलच.