अर्ध्या आकारातली ब्रेन गन: मॅगझिनचा बाक एकदाचा जमला

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लाइट मशीनगनचं, ब्रेनचं, लाकडी मॉडेल करतोय; दोन महिन्यांनी नोंद टाकतोय. दस्ता झाला, सागवानात. मूळ अक्रोडाचा असायचा, पण खिशाला सागवान परवडलं. बायपॉड, म्हणजे पुढची दोन पायांची घोडी, स्वतःच्या पायांवर उभा राहतो. नळी भरीव लाकडाची आहे, सगळा ऐवज शोकेससाठी, त्यामुळे शंका नको. एकूण लांबी ५७८ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या ११५६ च्या बरोबर निम्मी.

अडलं ते मॅगझिनपाशी, म्हणजे काडतुसांच्या डब्यापाशी. आणि तिथेच या बंदुकीची खरी गंमत आहे असं आता वाटतंय.

ब्रेनचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं. वाक्लाव होलेक यांच्या झेडबी २६ या मशीनगनवरून ती आली. ब्रनोचा ‘ब्र’ आणि एनफिल्डचा ‘एन’ मिळून नाव. माझ्याकडे आराखडे झेडबी २६ चे जास्त चांगले होते. तिचं २० काडतुसांचं मॅगझिन सरळ. मला वाटलं, ब्रिटिशांनी ते वाकवलं ते फक्त ३० काडतुसं बसवायला. म्हणून मी सरळ डबा करून त्याला अंदाजाने थोडा बाक दिला.

मग डब्याची एक बाजू उघडी ठेवून आतली काडतुसं दाखवायचं डोक्यात आलं. रविवार पेठेतल्या एका कातारीकाकांकडे ३० लाकडी तुकडे कातायला दिले. त्यांनी नमुन्याचं चित्र बघून विचारलं, “बुडाला ही टोपी ठेवायची का?” मी म्हटलं, “नको काका, उगाच काम वाढेल. डब्यात कोणाला दिसणार?”

तीच चूक. ती ‘टोपी’ म्हणजे रिम, बुडाची बाहेर आलेली कड, आणि .३०३ चं, म्हणजे ब्रेनच्या ब्रिटिश काडतुसाचं, सगळं दुखणं तिच्यात. खऱ्या पुंगळीचं (काडतुसाच्या धातूच्या कवचाचं) बूड ११.७ मिलिमीटर, खांदा साधारण १०.२, आणि रिम १३.७. झेडबीत जर्मन ७.९२ मिलिमीटरचं काडतूस, त्याची रिम बुडाच्या बाहेर येतच नाही, म्हणून झेडबीला सरळ डबा चालला. .३०३ ची काडतुसं एकावर एक ठेवली की मागची बाजू जाड आणि पुढची बारीक. रास आपोआप पंख्यासारखी वळते.

शिवाय, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) ज्या काडतुसाला आधी ढकलणार त्याची रिम मागून येणाऱ्या काडतुसाच्या रिमपुढे असली पाहिजे. ती मागे राहिली तर दोन रिमा एकमेकींत अडकतात आणि बंदूक गप्प. भरताना जवान एकेक काडतूस नीट बघून ठेवायचे, आणि ३० च्या जागी बऱ्याचदा २८ च भरायचे, स्प्रिंगवर ताण नको म्हणून.

मान खाली घालून काकांकडे परत गेलो. “सांगितलं होतं,” एवढंच म्हणाले. नवे ३० तुकडे आले, टोपीसकट. टेबलावर रिमेपुढे रिम लावत गेलो आणि बाक समोर तयार झाला. अंदाजाने काढलेल्या बाकापेक्षा बराच जास्त. आता डबा त्या राशीवरूनच कापलाय, आराखड्यावरून नाही.

एक इशारा: जुन्या भारतीय फोटोंवरून मापं घेताना सांभाळा. भारतीय सैन्याने १९३३ मध्ये विकर्स-बर्थिए ही ब्रेनसारखी दिसणारी मशीनगन स्वीकारली होती, ती इशापूरला बनायची. मॅगझिन ब्रेनसारखंच वर, आणि काडतूस .३०३ च म्हणून वाकडंही. मी एका फोटोवर दोन दिवस डोकं आपटलं, मापं जुळेनात. ती ब्रेन नव्हतीच. उलट पुढे ७.६२ मिलिमीटरच्या बिनरिमेच्या काडतुसासाठी बदललेल्या आपल्या भारतीय ब्रेनचं, १बी चं, मॅगझिन बघा, रिम गेली आणि बाकही जवळपास गेला.

पुढचं काम: माशी (नळीवरची पुढची साईट) आणि मागची साईट डावीकडे सरकवायची आहे. मॅगझिन वर असल्यामुळे मधून नेम दिसणारच नाही, त्यामुळे ही मूळचीच रचना आहे, माझी चूक नव्हे. नळी बदलण्याचा नट मात्र अजून नीट फिरत नाही.

त्यानंतर थॉम्पसन, म्हणजे टॉमीगन ही सबमशीनगन, करायचं ठरलंय. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले. हातातल्या टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा नळी धरून दस्त्याने लढले. तिथेच वीरमरण आलं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या टॉमीगनचं लांब मॅगझिन अगदी सरळ, कारण तिच्या .४५ काडतुसाची पुंगळी जवळजवळ सरळ नळकांडं. काकांना आधीच सांगून ठेवलंय: या वेळी टोपी खरंच नको. त्यांनी चित्र मागितलंय.